हवामान बदल आणि हिमालयातील पर्यटन

जागतिक तापमानवाढीमुळे हिमालय पर्वतरांगेतील तीर्थयात्रा, गिरिस्थाने, गिर्यारोहण, पदभ्रमण आणि बर्फावरील खेळ यांवर होणारे परिणाम, तसेच त्या परिणामांना तोंड देण्यासाठी तेथील गावे, शासनयंत्रणा व व्यावसायिक करीत असलेले अनुकूलन यांचा विचार या लेखात केला आहे. भारत, नेपाळ आणि भूतान या देशांतील पर्वतीय प्रदेशांत पर्यटन हे शेतीच्या जोडीचे, काही खोऱ्यांत तर शेतीपेक्षाही मोठे उपजीविकेचे साधन आहे. हे पर्यटन बर्फ, हिमनद्या, झरे, जंगले आणि ठरावीक ऋतुचक्र यांवर आधारलेले असल्याने हवामानातील लहानशा बदलाचाही त्यावर लगेच परिणाम होतो. दुसरीकडे, वाढती वाहने, अनिर्बंध बांधकाम आणि पाण्याचा वाढता उपसा यांमुळे पर्यटन स्वतःही या प्रदेशाच्या असुरक्षिततेत भर घालते.

पार्श्वभूमी

हिंदुकुश-हिमालय हा सुमारे ३,५०० किलोमीटर लांबीचा पर्वतीय प्रदेश आठ देशांत पसरलेला आहे. त्यात सुमारे २४ कोटी लोक राहतात आणि त्यातून उगम पावणाऱ्या नद्यांच्या खोऱ्यांत आणखी सुमारे १६५ कोटी लोक राहतात. काठमांडू येथील आंतरराष्ट्रीय एकात्मिक पर्वतीय विकास केंद्राने (इसिमोड) २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनानुसार, जगाची सरासरी तापमानवाढ १.५ अंश सेल्सियसपर्यंत रोखली तरी या प्रदेशातील वाढ त्याहून किमान ०.३ अंशाने जास्त असेल आणि शतकाच्या अखेरीपर्यंत हिमनद्यांचा सुमारे एकतृतीयांश भाग नष्ट होईल. त्याच संस्थेच्या २०२३ च्या अहवालात, २०११ ते २०२० या दशकात हिमनद्यांची झीज आधीच्या दशकाच्या तुलनेत ६५ टक्के अधिक वेगाने झाल्याचे नमूद केले आहे. हिवाळी बर्फाचे आवरणही घटत आहे. २०२५ च्या हिवाळ्यात ते जमिनीवर टिकून राहण्याचे प्रमाण सर्वसाधारण पातळीपेक्षा २३.६ टक्क्यांनी कमी होते आणि सरासरीपेक्षा कमी बर्फाचे ते सलग तिसरे वर्ष होते.

हवेचे तापमान एका अंशाने वाढल्यास तिची बाष्प धारण करण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्यामुळे थोड्या वेळात अतिशय जोराचा पाऊस पडण्याची शक्यता वाढते. पूर्वी ज्या उंचीवर हिमवर्षाव होत असे, तेथे आता अनेकदा पाऊस पडतो. बर्फ हळूहळू वितळतो, पाऊस मात्र उतारावरून तत्काळ वाहून जातो. वर्षानुवर्षे गोठलेली जमीन सैल झाल्याने कडे आणि उतार अस्थिर होतात, तर मागे हटणाऱ्या हिमनद्यांपुढे दगडमातीच्या कच्च्या बांधाआड सरोवरे तयार होतात. हिमालय हा भूशास्त्रीयदृष्ट्या तरुण आणि भूकंपप्रवण पर्वत असल्याने तेथील प्रत्येक दुर्घटनेचे कारण केवळ हवामान बदल असे मानता येत नाही. भूरचना, अतिवृष्टी आणि मानवी हस्तक्षेप यांचा एकत्रित परिणाम बहुतेक आपत्तींत दिसतो.

पर्यटनावरील परिणाम

तीर्थयात्रा

१६ व १७ जून २०१३ रोजी उत्तराखंडातील अतिवृष्टी आणि केदारनाथच्या वरच्या बाजूस असलेले चोराबारी सरोवर फुटणे या दोन घटना एकत्र आल्याने मंदाकिनी नदीला प्रलयंकारी पूर आला. सुमारे ३,५८० मीटर उंचीवरील केदारनाथ मंदिर बचावले, परंतु सभोवतालची वस्ती उद्ध्वस्त झाली आणि यात्रामार्गावरील रामबाडा हा मुक्काम नकाशावरून पुसला गेला. मृत व बेपत्ता व्यक्तींची संख्या पाच हजारांहून अधिक होती. त्यांत देशभरातील यात्रेकरूंप्रमाणेच घोडेवाले, खेचरवाले, दांडी-कंडी वाहणारे मजूर आणि दुकानदार अशा यात्रेवर पोट असलेल्या स्थानिकांचाही समावेश होता. एक लाखाहून अधिक लोकांना लष्कर, हवाई दल आणि अन्य यंत्रणांनी सुरक्षित स्थळी हलविले. त्या वर्षी मॉन्सून उत्तराखंडात नेहमीपेक्षा लवकर पोहोचला होता. त्यामुळे यात्रेचा भर ओसरण्यापूर्वीच अतिवृष्टी झाली आणि मार्गावरील गर्दी हे मनुष्यहानीचे एक प्रमुख कारण ठरले.

त्यानंतरही अशा घटना घडत राहिल्या. ८ जुलै २०२२ रोजी अमरनाथ गुहेजवळ आलेल्या लोंढ्यात यात्रेकरूंचे तंबू वाहून गेले. ३१ जुलै २०२४ रोजीच्या अतिवृष्टीने केदारनाथचा पायी मार्ग अनेक ठिकाणी तुटला आणि हजारो यात्रेकरू अडकले. ५ ऑगस्ट २०२५ रोजी गंगोत्रीच्या वाटेवरील धराली गावात खीरगंगा ओढ्यातून आलेल्या दगडमातीच्या लोंढ्याखाली हॉटेले, होमस्टे आणि बाजारपेठ गाडली गेली.

बर्फाशी जोडलेल्या श्रद्धास्थानांचे स्वरूपही बदलत आहे. अमरनाथ गुहेतील नैसर्गिक हिमलिंग यात्रा संपण्याच्या पुष्कळ आधी वितळल्याचा अनुभव अनेक वर्षी आला आहे. २०२४ मध्ये यात्रा सुरू झाल्यानंतर साधारण आठवडाभरातच ते विरघळले. वाढते तापमान आणि गुहेत होणारी मोठी गर्दी ही दोन्ही कारणे यामागे सांगितली जातात. ऑगस्ट २०२४ मध्ये पिठोरागढ जिल्ह्यातील ओम पर्वतावरील, ओंकाराच्या आकारासाठी प्रसिद्ध असलेले बर्फ जवळजवळ नाहीसे झाल्याचे आढळले. पुढे नव्या हिमवर्षावानंतर ते पुन्हा दिसू लागले. भागीरथीचा उगम मानले जाणारे गोमुख हे गंगोत्री हिमनदीचे मुख असून विसाव्या शतकात ते दरवर्षी सुमारे वीस मीटर या गतीने मागे सरकले आहे.

बर्फावरील खेळ

काश्मीरमधील गुलमर्ग (सुमारे २,६५० मीटर) आणि उत्तराखंडातील औली ही भारतातील स्कीइंगची प्रमुख केंद्रे आहेत. हिवाळ्यात उत्तर भारतात येणारे पश्चिमी विक्षोभ क्षीण झाले किंवा उशिरा आले, तर या दोन्ही ठिकाणी बर्फ पडत नाही. जानेवारी २०२४ मध्ये ऐन हंगामात गुलमर्गची मैदाने कोरडी होती. २०२५ मध्ये तेथे फेब्रुवारीत व्हावयाच्या खेलो इंडिया हिवाळी क्रीडा स्पर्धा बर्फाअभावी मार्चपर्यंत पुढे ढकलाव्या लागल्या. औली येथे २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडा स्पर्धांसाठी कृत्रिम बर्फ तयार करणारी यंत्रे आणि त्यांना पाणी पुरविणारे तळे उभारण्यात आले. मात्र अशी यंत्रे चालण्यासाठी पुरेशी थंडी, पाणी आणि वीज या तिन्हींची आवश्यकता असते आणि हिवाळा उबदार झाल्यास त्यांतील पहिलीच अट पूर्ण होत नाही. बर्फ न पडल्यास हॉटेलांची आरक्षणे रद्द होतात, पण त्याहून मोठा फटका हंगामाच्या कमाईवर वर्ष काढणारे स्की प्रशिक्षक, स्लेज ओढणारे मजूर आणि भाड्याने बूट व कपडे देणारे लहान दुकानदार यांना बसतो.

गिर्यारोहण आणि पदभ्रमण

एव्हरेस्टच्या नेपाळकडील बाजूचा पायथ्याचा तळ सुमारे ५,३६० मीटर उंचीवर, वितळत्या खुंबू हिमनदीवर वसविला जातो. तेथील बर्फात नव्या भेगा पडत असल्याने तो तळ खाली हलविण्याचा विचार नेपाळ शासनाने २०२२ मध्ये बोलून दाखविला. साउथ कोल येथील हिमनदीच्या अभ्यासानुसार, साचण्यास सुमारे दोन हजार वर्षे लागलेला बर्फ अवघ्या पंचवीस वर्षांच्या आसपासच्या काळात नष्ट झाला आहे. बर्फ हटल्याने जुना कचरा आणि पूर्वी मृत्यू पावलेल्या गिर्यारोहकांचे देह उघडे पडू लागले आहेत. कडे सैल झाल्याने दगड कोसळण्याचा धोका वाढतो आणि जुने, परिचित मार्ग बदलावे लागतात.

पदभ्रमणाचा शरद ऋतूतील हंगाम पूर्वापार स्थिर हवामानाचा मानला जातो. तथापि, ऑक्टोबर २०१४ मध्ये बंगालच्या उपसागरातील हुडहुड चक्रीवादळाच्या अवशेषांमुळे नेपाळमधील अन्नपूर्णा परिसरात प्रचंड हिमवादळ झाले आणि थोरोंग ला खिंडीच्या परिसरात पदभ्रमणकार, वाटाडे व स्थानिक मिळून किमान ४३ जणांचा मृत्यू झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक हे हिमसरोवर फुटून तीस्ता नदीला पूर आला. चुंगथांग येथील धरण वाहून गेले, रस्ते व पूल तुटले आणि लाचेन-लाचुंग भागात हजारो पर्यटक अडकून पडले. १६ ऑगस्ट २०२४ रोजी एव्हरेस्टच्या वाटेवरील थामे या शेर्पा गावाला हिमसरोवरांच्या पुराचा तडाखा बसला.

गिरिस्थाने आणि शीत वाळवंट

मैदानी प्रदेशात उन्हाळ्याच्या लाटा जितक्या तीव्र होतात, तितका गिरिस्थानांकडे जाणारा ओघ वाढतो. नेमक्या त्याच काळात तेथील झरे आटलेले असतात. मे-जून २०१८ मध्ये शिमल्यात तीव्र पाणीटंचाई निर्माण झाली. नळाला कित्येक दिवस पाणी आले नाही, उन्हाळी महोत्सव पुढे ढकलण्यात आला आणि पर्यटकांनी काही काळ शहरात येऊ नये असे आवाहन खुद्द रहिवाशांनी केले. जुलै २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशात अतिवृष्टीने बियास नदीला पूर येऊन कुलू-मनाली परिसरातील रस्ते वाहून गेले. सुमारे ४,३०० मीटर उंचीवरील चंद्रताल येथे अवेळी झालेल्या हिमवर्षावात अडकलेल्या सुमारे ३०० जणांची सुटका करावी लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कालका-शिमला या जागतिक वारसा लोहमार्गाखालील भराव वाहून गेल्याने रूळ अधांतरी लोंबकळत राहिले.

लडाखमध्ये वर्षाला सरासरी केवळ १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथील पारंपरिक घरे मातीची आणि सपाट छपरांची असतात. ५ ऑगस्ट २०१० च्या रात्री लेह परिसरात झालेल्या ढगफुटीत दोनशेहून अधिक लोकांचा बळी गेला आणि मुसळधार पावसाची सवय नसलेल्या या प्रदेशाची असुरक्षितता स्पष्ट झाली. लडाखी घरांतील कोरड्या शौचालयांना पाणी लागत नाही. पर्यटकांसाठी बांधलेल्या हॉटेलांतील फ्लश शौचालये व स्नानगृहे यांना मात्र भरपूर पाणी लागते. ते कूपनलिकांतून उपसले जाते आणि त्याचा ताण बर्फाच्या पाण्यावर पिके घेणाऱ्या शेतकऱ्यांवर पडतो.

वनस्पती आणि ऋतुचक्र

उत्तराखंडाचा राज्यवृक्ष असलेला बुरांश साधारणतः वसंत ऋतूत फुलतो. उबदार हिवाळ्यांत तो जानेवारीतच फुलल्याच्या नोंदी आहेत. व्हॅली ऑफ फ्लॉवर्स राष्ट्रीय उद्यानातील फुलोऱ्याचा काळ बर्फ केव्हा वितळते यावर अवलंबून असतो. फुलोरा पुढेमागे झाला, की त्या तारखांवर आखलेल्या सहलीही चुकतात.

पर्यटनाचा हवामान बदलातील वाटा

पर्यटन हे हवामान बदलाचे केवळ भक्ष्य नाही. प्रवास, निवास, खानपान आणि खरेदी यांचा एकत्रित विचार केल्यास जगातील हरितगृह वायूंच्या उत्सर्जनापैकी सुमारे आठ ते नऊ टक्के उत्सर्जन पर्यटनाशी संबंधित असल्याचे अभ्यासांत आढळले आहे. हिमालयात याला स्थानिक परिमाणही आहे. डिझेलवरील वाहनांतून व लाकूड जाळण्यातून निघणारी काजळी बर्फावर बसते. काळे पडलेले बर्फ अधिक उष्णता शोषते आणि लवकर वितळते. रोहतांग खिंडीतील वाहनांच्या गर्दीबाबत राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ पासून दिलेल्या आदेशांत या काजळीचा विचार झाला होता आणि त्यांनुसार खिंडीत दररोज जाणाऱ्या पर्यटक वाहनांच्या संख्येवर मर्यादा घालण्यात आली.

नदीपात्रालगत व जुन्या दरडींच्या ढिगाऱ्यावर झालेले बांधकाम धोका अनेक पटींनी वाढविते. बद्रीनाथच्या वाटेवरील जोशीमठ हे नगर जुन्या भूस्खलनाच्या मलब्यावर वसले असल्याचा इशारा मिश्रा समितीने १९७६ मध्येच दिला होता. जानेवारी २०२३ मध्ये तेथील शेकडो घरांना तडे गेले, हॉटेले पाडावी लागली आणि औलीला जाणारा रोपवे बंद ठेवावा लागला.

अनुकूलनाचे उपाय

धारणक्षमता आणि प्रवेशमर्यादा

एखादे स्थळ एका वेळी किती माणसे, वाहने आणि कचरा सामावून घेऊ शकते, याला त्या स्थळाची धारणक्षमता म्हणतात. गोमुखाकडे जाण्यासाठी दररोज १५० व्यक्तींनाच परवाने दिले जातात. ऑगस्ट १९९६ मध्ये हिमवादळात दोनशेहून अधिक अमरनाथ यात्रेकरूंचा मृत्यू झाल्यानंतर नेमलेल्या नितीश सेनगुप्ता समितीने यात्रेकरूंची संख्या मर्यादित ठेवणे, नोंदणी सक्तीची करणे आणि वयाची अट घालणे असे उपाय सुचविले. चारधाम यात्रेसाठी २०१३ च्या आपत्तीनंतर नोंदणीची पद्धत सुरू झाली. तरीही २०२३ मध्ये चारधामला आलेल्या यात्रेकरूंची संख्या ५० लाखांहून अधिक होती. हिमालयीन राज्यांतील नगरांची धारणक्षमता निश्चित करण्याचा प्रश्न त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयापुढेही आला.

भूतानने वेगळा मार्ग निवडला आहे. तेथे परदेशी पर्यटकांकडून प्रतिरात्री शाश्वत विकास शुल्क घेतले जाते. सप्टेंबर २०२३ पासून ते १०० अमेरिकी डॉलर असून भारतीयांसाठी १,२०० रुपये आहे. कमी पर्यटक आणि अधिक मूल्य हे त्यामागील धोरण आहे. मात्र असे शुल्क श्रद्धेच्या यात्रांना लागू केल्यास गरीब यात्रेकरू वगळले जातील, असा आक्षेप घेतला जातो. त्यामुळे भारतात शुल्कापेक्षा नोंदणी आणि दैनंदिन संख्यामर्यादेवर भर आहे. संख्यामर्यादेलाही हॉटेल व्यावसायिक, घोडेवाले आणि टॅक्सीचालक यांच्याकडून विरोध होतो, कारण सहा महिन्यांच्या हंगामातच त्यांना वर्षाची कमाई करावयाची असते.

हंगामाचे विकेंद्रीकरण

सामान्य पर्यटनस्थळाला आपला हंगाम पुढेमागे करता येतो. हिमालयातील तीर्थयात्रांना ही मुभा मर्यादित आहे. गंगोत्री व यमुनोत्रीची कवाडे अक्षय्य तृतीयेला उघडतात, केदारनाथची उघडण्याची तारीख महाशिवरात्रीला घोषित होते व तेथील कवाडे भाऊबीजेला बंद होतात, तर अमरनाथ यात्रेची सांगता श्रावण पौर्णिमेला होते. पंचांगाने ठरलेल्या या काळातच पावसाळा येतो. अधिक मासाच्या वर्षी तारखा आणखी पुढेमागे होतात. यावर उपाय म्हणून उत्तराखंड शासनाने डिसेंबर २०२४ पासून हिवाळी यात्रेस प्रोत्साहन देण्यास आरंभ केला. हिवाळ्यात देवतांची पूजा उखीमठ, मुखबा, खरसाली, पांडुकेश्वर इत्यादी खालच्या गावांत होते. तेथे दर्शन घेण्याची प्रथा जुनीच असून, तिचा विस्तार झाल्यास परंपरेला धक्का न लावता गर्दी वर्षभरात विभागली जाऊ शकते.

पूर्वसूचना आणि सुरक्षितता

मुक्तेश्वर आणि सुरकंडा देवी येथे डॉप्लर रडार बसविल्याने उत्तराखंडातील पावसाचे अल्पकालीन अंदाज सुधारले आहेत. तथापि, अरुंद दऱ्यांतील ढगफुटीचा नेमका अंदाज देणे आजही कठीण आहे. नेपाळमध्ये २०१६ साली एव्हरेस्ट परिसरातील इम्जा सरोवराची पातळी कालवा खोदून सुमारे ३.४ मीटरने कमी करण्यात आली आणि खालच्या गावांसाठी इशारा यंत्रणा बसविण्यात आली. नेपाळ शासनाने एप्रिल २०२३ पासून परदेशी पदभ्रमणकारांना परवानाधारक वाटाड्या सोबत घेणे बंधनकारक केले. केदारनाथचा पायी मार्ग २०१३ नंतर रामबाड्याच्या पुढे मंदाकिनीच्या दुसऱ्या काठाने नव्याने बांधण्यात आला.

पाणी आणि स्थानिक तंत्रे

लडाखमध्ये चेवांग नोर्फेल यांनी उथळ बंधाऱ्यांत हिवाळ्याचे पाणी गोठवून कृत्रिम हिमनद्या निर्माण केल्या. या कार्यासाठी त्यांना २०१५ मध्ये पद्मश्री देण्यात आली. सोनम वांगचुक यांनी २०१३-१४ च्या हिवाळ्यापासून नळातून उंच उडविलेले पाणी शंकूच्या आकारात गोठविण्याची हिमस्तूप पद्धत विकसित केली. शंकूचा पृष्ठभाग कमी असल्याने बर्फ उशिरा वितळते आणि वसंतातील पेरणीला पाणी मिळते. हे हिमस्तूप पुढे पर्यटकांचेही आकर्षण ठरले. लडाखी कुटुंबांच्या घरांत पाहुण्यांची सोय करणाऱ्या होमस्टेंमुळे पाण्याचा वापर मर्यादित राहतो आणि उत्पन्न थेट गावात पोहोचते.

उपायांच्या मर्यादा

प्रत्येक पायाभूत प्रकल्प हा अनुकूलनाचा उपाय ठरतोच असे नाही. सोनप्रयाग-केदारनाथ (१२.९ किलोमीटर) आणि गोविंदघाट-हेमकुंड (१२.४ किलोमीटर) या रोपवे प्रकल्पांना केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०२५ मध्ये मंजुरी दिली. रोपवेमुळे खेचरांवरील भार कमी होईल, प्रवास सुकर होईल आणि आपत्तीत सुटकेचे आणखी एक साधन मिळेल, असे समर्थक म्हणतात. टीकाकारांच्या मते, एका दिवसात वर पोहोचणाऱ्यांची संख्या वाढल्यास आधीच नाजूक असलेल्या स्थळाची धारणक्षमता ओलांडली जाईल आणि पायी मार्गावर जगणाऱ्यांचा रोजगार जाईल. चारधाम महामार्गाच्या रुंदीकरणाबाबतही असाच वाद झाला आहे. रुंद रस्ता संकटकाळी उपयोगी पडतो, परंतु त्यासाठी कापलेले डोंगरउतार पावसाळ्यात खचतात. कृत्रिम बर्फ, हेलिकॉप्टर सेवा आणि टँकरचे पाणी हे उपाय तात्पुरता दिलासा देतात, मात्र त्यांतून ऊर्जेचा व पाण्याचा वापर वाढतो.

२०२१ मध्ये ग्लासगो येथील हवामान परिषदेत पर्यटन क्षेत्रासाठी एक जाहीरनामा मांडण्यात आला. २०३० पर्यंत उत्सर्जन निम्मे करणे आणि २०५० पूर्वी ते निव्वळ शून्यावर आणणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. तापमानवाढ आटोक्यात न आल्यास कोणत्याही स्थानिक उपायाचा लाभ अल्पकाळच टिकेल, यावर अभ्यासकांचे एकमत आहे.

महाराष्ट्राशी संबंध

महाराष्ट्रातून दरवर्षी मोठ्या संख्येने यात्रेकरू चारधाम व अमरनाथला, पर्यटक काश्मीर, हिमाचल, सिक्कीम व लडाखला, तर पदभ्रमणकार नेपाळला जातात. २०१३ च्या केदारनाथ आपत्तीत आणि २०२५ च्या धराली दुर्घटनेच्या वेळी तेथे अडकलेल्यांत महाराष्ट्रातील यात्रेकरूही होते. शाळांना एप्रिलअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत असणाऱ्या उन्हाळी सुटीमुळे मराठी कुटुंबांच्या सहली याच काळात एकवटतात. गिरिस्थानांतील पाणीटंचाईचा काळही हाच असतो आणि सुटी संपता संपता पूर्वमोसमी व मोसमी पावसाचा आरंभ होतो. त्यामुळे दिवाळीनंतरचा काळ निवडणे, यात्रेच्या वेळापत्रकात एक-दोन दिवस राखीव ठेवणे, नदीकाठचा मुक्काम टाळणे आणि हवामान खात्याच्या इशाऱ्यानंतर पुढचा टप्पा रद्द करण्याची तयारी ठेवणे, या बाबी सहल आखणाऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाच्या ठरतात.

हे सुद्धा पहा

हवामान बदल
हिमनदी
ढगफुटी
चारधाम यात्रा
अमरनाथ
शाश्वत पर्यटन
जोशीमठ